वकिलाची गुरगुर

कुत्रा चावल्यानंतर कवळीकाराने पहिली गोष्ट केली ती ही, की त्याने तो चावा मोजला. संध्याकाळचे पावणेसात झाले होते. दिवा लावावा की अजून थोडा वेळ खिडकीतल्या उजेडावर भागवावे, अशा बेताची वेळ. सोफ्याच्या डाव्या टोकाला त्याचा कुत्रा, वकील, झोपला होता आणि कवळीकाराला नेमके तिथेच बसून वर्तमानपत्र वाचायचे होते. नेहमीप्रमाणे त्याने कुत्र्याच्या पोटाखाली आणि मांडीखाली हात घातले, उचलायला म्हणून थोडा जोर लावला, आणि पुढच्या क्षणी त्याच्या अंगठ्याखालचा मांसल भाग वकिलाच्या जबड्यात होता. त्यापुढच्या क्षणी नव्हता. मधे काही आवाज झाला नाही. वकील खाली उतरून टेबलाखाली गेला आणि तिथून, जणू चावा त्यालाच बसला आहे अशा चेहऱ्याने, बघू लागला. कवळीकार मागच्या खोलीत, मेण आणि प्लॅस्टर यांच्या वासाने भरलेल्या आपल्या दंतशाळेत गेला, लांब मानेचा दिवा पुढे ओढला, आणि चौतीस वर्षे ज्या पोलादी मापकाने परक्यांचे जबडे मोजले त्याच मापकाने स्वतःच्या हातावर उमटलेली कमान मोजू लागला. वरच्या सुळ्यांच्या दोन खुणा, खालच्याची एक, अंतर सदतीस मिलिमीटर, खोली नगण्य, ओढल्याची रेघ नाही, कातडी एकाच ठिकाणी सोललेली, तीही तांदळाच्या दाण्याएवढी. ज्याच्या तोंडात बेचाळीस दात आहेत आणि हाड फोडण्याची ताकद आहे, त्याने एवढेच करून सोडून दिले होते. हा चावा नव्हता, चाव्याचा मसुदा होता. पुरावा असा स्वच्छपणे कुत्र्याच्या बाजूने बोलत होता, याचे त्याला दुखण्यापेक्षा अधिक आश्चर्य वाटले.

"काय झालं?" बायकोने दारातून विचारले.

"काही नाही."

"काही नाही, तर हाताला दिवा कशाला दाखवताय? बघू. अहो, हा चावलाय."

"चावला नाही, दाबला. चावणे आणि दाबणे यांत फरक आहे."

"आधी साबणाने धुवा, मग फरक सांगा."

त्याने दहा मिनिटे हात धुतला, वकिलाच्या लशी वेळेवर झालेल्या असूनही दवाखान्यात जाऊन स्वतःला सुई टोचून घेतली, आणि परत येताना सबंध वाटभर एकच प्रश्न उलटसुलट करून पाहिला: हा काही बोलला कसा नाही?

कारण वकील हे नाव त्या कुत्र्याने स्वतः कमावलेले होते. आठ वर्षांपूर्वी बुटांच्या खोक्यातून तो घरात आला तेव्हापासून त्याची प्रत्येक गोष्टीला हरकत असे. केरसुणीला हरकत, छत्री उघडण्याला हरकत, भिंतीवरचे घड्याळ काढून पुसण्याला हरकत. आणि ती तो घशात खोलवर, एका सुरात, बाजू मांडल्यासारखी नोंदवी. "आला आमचा वकील," बायको म्हणे, आणि केरसुणी थांबवून त्याला वाट देई. कवळीकाराला मात्र गुरगुर हा प्रकार कधीच रुचला नाही. ज्या घरात पोटभर अन्न मिळते, मऊ बिछाना मिळतो, त्या घरावर दात दाखवणे हा कृतघ्नपणा आहे, असे त्याचे स्पष्ट मत होते, आणि मत झाले की त्याची अंमलबजावणी करणे हा त्याचा स्वभाव होता. गेल्या वर्षी सोफ्यावरून उठवताना ही गुरगुर फार वाढली, तेव्हा त्याने सुधारणा हाती घेतली. गुंडाळलेले वर्तमानपत्र, नाकावर एक हलका फटका, आणि करड्या आवाजात तीन शब्द: "तोंड नीट कर." दीड महिन्यात गुरगुर थांबली. उचलले की वकील गप्प उचलला जाई, मान वळवी, जिभेने ओठ चाटी, बस. आल्यागेल्याला कवळीकार अभिमानाने सांगे की कुत्रा बिघडत नसतो, त्याला बिघडू दिले जाते. आमचा बघा, कवळी हिरडीवर बसावी तसा बसला. आल्यागेल्यांनी माना डोलावल्या. बायकोने डोलावली नव्हती, हे त्याला आता, सुई टोचलेला दंड चोळताना, प्रथमच आठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. तिला बातमी अर्थातच आईकडून आदल्या रात्रीच पोचली होती. ती वीस दिवसांनी महिनाभरासाठी माहेरी येणार होती, अकरा महिन्यांच्या लेकीला घेऊन. नात नुकती रांगू लागली होती, आणि आजोबांनी तिला आजवर फोनच्या पडद्यावरच पाहिले होते, तिथेही बहुधा नुसता एक कानच दिसे. मुलगी लहानपणापासून तडतडी. घरात तिला ठिणगी म्हणत.

"बाबा, चावायच्या आधी गुरगुरला होता का?"

"नाही. ती सवय मी मोडली आहे."

"म्हणजे हा न सांगता चावतो. मग मी तिला तिथे आणत नाही. मामांच्या गोदामावर राखणीला कुत्रा हवाय, त्यांना देऊन टाका. तो तिकडे, नाहीतर आम्ही इकडे. हवं तर आईला विचारा, मी काही वावगं बोलत नाहीये."

ती वावगे बोलत नव्हती. हीच अडचण होती. मामांचे गोदाम त्याने पाहिले होते: पत्र्याची शेड, लोखंडी साखळी, तिच्या लांबीएवढा झिजलेला जमिनीचा अर्धगोल. त्याच्या पोटात काहीतरी वर आले, घशापर्यंत पोचले, आणि तिथे, सवयीने, वळून स्मित झाले. फोनवर कोणाला दिसत नसतानाही तो हसला. "बघू," तो म्हणाला. "हो. करतो काहीतरी." फोन ठेवल्यावर त्याला आरशात पाहण्याची गरज नव्हती. तो चेहरा त्याला पाठ होता; त्याच्या वडिलांनी तो जेवणाच्या टेबलावर घडवला होता. वडील मारकुटे नव्हते, तसे म्हणणे अन्याय होईल. पण त्यांच्यासमोर कपाळाला आठी पडली की ते चमचा खाली ठेवत, सगळ्यांचेच चमचे थांबत, आणि ते शांतपणे म्हणत, "तोंड नीट कर." मग तोंड नीट होईपर्यंत कोणी जेवत नसे. सात वर्षांच्या मुलाला एवढे पुरे होते. पुढच्या आयुष्यात लोकांनी त्याची ख्याती केली ती सदा हसतमुख म्हणून. हे तीन शब्द आपण कुठून उचलले, हा प्रश्न कुत्र्याच्या नाकावर वर्तमानपत्र मारताना त्याला कधी पडला नव्हता. आता पडला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे तो वकिलाला घेऊन गेला तो निदान तयार करूनच. त्याच्या मते मागची दाढ चिरलेली असणार. कुत्रा अलीकडे वाटीपाशी रेंगाळतो, गालाकडे हात नेला की मान वळवतो, आणि तोंडाच्या दुखण्याने माणसांचाही स्वभाव बिघडतो, हे त्याच्याइतके कोणाला माहीत असणार. त्याने तीन उदाहरणे दिली. डॉक्टरीणबाई उंच, रुंद हातांच्या, आणि ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी ऐकून घेतले, वकिलाचे ओठ वर केले, एकेक दाढ पाहिली.

"दात उत्तम आहेत. तुमच्यापेक्षा."

मग त्यांनी वकिलाला चालवले, बसवले, उठवले, आणि मागच्या डाव्या पायावरून, कमरेच्या सांध्यापर्यंत, बोटे सावकाश वर नेली. वकिलाने जीभ बाहेर काढून ओठ चाटले. डोळ्याचा पांढरा भाग कोयरीसारखा दिसू लागला. सबंध शरीर लाकूड झाले. डॉक्टरीणबाईंनी हात काढून घेतला.

"पाहिलंत? आत्ता तो तीन वेळा नको म्हणाला. सांधा झिजलाय. तुम्ही उचलता ते नेमकं इथे धरून ना?"

"पण तो काही बोलत नाही."

"पूर्वी गुरगुरायचा?"

"वर्षापूर्वीपर्यंत. मी ते बंद केलं," कवळीकार म्हणाला, आणि वाक्य संपता संपता त्याला त्यातला अभिमान गळून पडलेला ऐकू आला.

"दुखणं बंद केलंत की सांगणं?" त्यांनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता गोळ्या लिहून द्यायला घेतल्या. "गुरगुरला तर बक्षीस नको, शिक्षाही नको. थांबायचं आणि मागे व्हायचं. परत बोलू लागला तर त्याच्याशी राहता येतं. आणि लागला तरी रांगतं मूल आणि हा, दोघांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही. कधीच. हे मी सगळ्यांनाच सांगते."

परतीच्या वाटेवर वकील शेजारच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होता आणि कवळीकाराच्या डोळ्यांपुढे एक निळा डाग उभा होता. धंद्यातला अगदी साधा डाग. कवळी तयार झाली की वरचा आणि खालचा साचा पितळी बिजागरीवर बसवतात, मधे निळा कागद धरतात, आणि साचे एकमेकांवर टकटक आपटतात. जिथे दात जरा उंच राहिला असेल तिथे निळा ठिपका उमटतो. मग तेवढाच उंचवटा घासायचा, पुन्हा कागद, पुन्हा टकटक. शिकाऊ असताना, कामाच्या दुसऱ्याच महिन्यात, त्याने एक संच स्पिरिटच्या बोळ्याने चकचकीत पुसून दिला होता. ठिपके घाणेरडे दिसत होते म्हणून. आठवड्याने त्या कवळीची मालकीण, एक निवृत्त गायिका, हिरडीवर जखम घेऊन परत आली. त्याला काम शिकवणारा म्हातारा कारागीर रागावला नाही, चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "डाग छान पुसलास. आता ही जखमही पूस." ती गोष्ट तो पुढे नवशिक्यांना हसत हसत सांगत आला होता. आणि घरात, स्वतःच्या सोफ्यावर, वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याने वर्षभर दुसरे काय केले होते? सिग्नलला गाडी थांबली. त्याने वकिलाकडे पाहिले. वकिलाने जांभई दिली. ही जांभई झोपेची की नकाराची, हे आपल्याला आठ वर्षांत कळलेले नाही, असे त्याच्या ध्यानात आले.

आणि एकदा बोळा हाती दिसला की तो सगळीकडे दिसू लागतो. अकरा वर्षे तो एका दंतवैद्याबरोबर भागीदारीत काम करत होता. दंतवैद्य वाईट माणूस नव्हता. फक्त तातडीची कामे शनिवारी दुपारी पाठवायची त्याला सवय होती. "सोमवारी सकाळी हवंय, जमेल ना?" आणि कवळीकार म्हणे, "होईल." अकरा वर्षे होईल. हसून होईल. मग एका बुधवारी, कोणतेही विशेष कारण नसताना, त्याने दवाखान्याच्या किल्ल्या दंतवैद्याच्या पुढ्यात, एका रोग्याचा जबडा उघडा असताना, ठेवल्या आणि तो निघून आला. दंतवैद्य हातमोज्यांसकट रस्त्यापर्यंत मागे धावला होता. "अरे, एकदा तरी सांगायचंस. एकदा तरी कुरकुर करायचीस." त्या दिवशी कवळीकाराला वाटले होते की आपण फार भारदस्तपणे वागलो, आपण कधी आवाज चढवला नाही. बायकोचे त्यावरचे भाष्य त्याने तेव्हा मनावर घेतले नव्हते. "तुम्ही भांडत नाही हो," ती म्हणाली होती, "तुम्ही एकदम दारच लावता. माणसाला उंबऱ्यावर कळतं की काहीतरी चुकलं होतं."

घरी पोचल्यावर त्याने घराचा नकाशा काढला. भिंती, दारे, सोफा, वाटी, बुटांची मांडणी, सगळे प्रमाणात, कारण काम करायचे तर नीट करायचे. तो त्याने दंतशाळेच्या दारावर चिकटवला, आणि वकिलाने ओठ चाटले, मान वळवली, डोळ्याचा पांढरा भाग दाखवला किंवा अंग ताठ केले की त्या जागी निळा कागद ठेवून नखाने दाबू लागला. पाच दिवसांत एकतीस ठिपके पडले. सोफ्याच्या डाव्या टोकाला तर निळी पुरळ उठल्यासारखी दिसत होती; काही बुटांच्या मांडणीजवळ, जिथे वाट अरुंद होऊन चालणाऱ्याचा पाय कुत्र्याच्या कमरेला घासे; चार वाटीपाशी. बायको हातातला पेला पुसत नकाशापुढे उभी राहिली.

"स्वयंपाकघरात एकही नाही," तो म्हणाला. "हे विलक्षण आहे. जागा सगळ्यात कमी तिथे."

"विलक्षण काय त्यात? मी म्हणते, सरक रे जरा. आणि थांबते. तो सरकतो."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही लोकांना सांगत होतात ना, कुत्रा कसा शिकवावा ते. मधे कुठे बोलू?"

मग उंचवटे घासणे सुरू झाले. बुटांची मांडणी दाराच्या दुसऱ्या बाजूला गेली. वाटी कोपऱ्यात, जिथे पाठीमागून कोणी येत नाही. सोफ्याला एक उतरती फळी लागली, तिच्यावर जुनी सतरंजी. उचलणे बंद, कवळीकार खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बिस्किटाचा तुकडा जमिनीवर ठेवी, "वकीलसाहेब, याल का?" म्हणे, आणि वाट पाही. पहिल्या दिवशी त्याने चार मिनिटे वाट पाहिली. पन्नाशी उलटलेला माणूस कुत्र्याला विनंती करत उभा आहे, या दृश्याकडे तो जरासा बाहेरून बघत होता, आणि ते त्याला वाटले होते तितके अपमानास्पद नव्हते. गोळ्यांनी सांधा सैल झाला. ठिपके विरळ झाले. पण वकील गप्पच होता. त्याचे मौन आता कवळीकाराला घरभर ऐकू येऊ लागले. जाळीदार दार बैठकीच्या आणि मागच्या खोलीच्या मधे बसवून झाले, नातीसाठी खालच्या खणांना कड्या लावून झाल्या, मामांचा दोनदा फोन येऊन गेला, "कधी येऊ न्यायला?" आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, "बघू." गप्प कुत्र्याची हमी मुलीला कोणत्या तोंडाने द्यायची?

चौदाव्या दिवशी, सकाळी, खिडकीचा पडदा सरकवायला तो सोफ्यामागून वाकला. वकील डाव्या टोकाला पसरला होता. कवळीकाराची बाही त्याच्या कमरेवरून किंचित घासली, आणि कुठूनतरी, सोफ्याच्या गादीच्याही खालून यावा तसा, एक बारीक आवाज आला. दूरच्या रस्त्यावर एखादे यंत्र सुरू व्हावे आणि लगेच शंका येऊन थांबावे, तसा. कवळीकाराचा हात पडद्यावर राहिला. आवाज पुन्हा आला. या वेळी थोडा लांब. त्यात गंज होता. त्याच्या मानेवर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. त्याने हात मागे घेतला, दोन पावले मागे झाला, आणि अतिशय अदबीने म्हणाला, "बरं." वकिलाने त्याच्याकडे पाहिले. वर्तमानपत्र कुठून येते आहे ते पाहिले. आले नाही. मग त्याने हनुवटी पंजांवर ठेवली आणि एक दीर्घ उच्छ्वास सोडला, कोर्टाचे काम संपल्यावर सोडावा तसा.

"ऐकलंस का," कवळीकार स्वयंपाकघराच्या दारात जाऊन हलक्या आवाजात म्हणाला, "गुरगुरला."

बायको ओल्या हातांनी बाहेर आली. दोघे दारात उभे राहून सोफ्याकडे बघू लागले. मुलगी पहिल्यांदा आई म्हणाली होती तेव्हा असेच उभे राहिले होते दोघे, असे त्याला वाटले. पण हे बोलण्यासारखे नव्हते, म्हणून तो बोलला नाही. बायकोच बोलली, "ठिणगीच्या वेळी असेच उभे होतो."

त्याने लगेच फोन लावला. "एक आनंदाची बातमी आहे. वकील पुन्हा गुरगुरायला लागला."

"बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

त्याने सगळे सांगितले: सांधा, निळा कागद, जाळी, फळी. मुलीने ऐकून घेतले. मग तिने विचारले, "हे सगळं ठीक आहे. पण मामा त्याला कधी नेतायत?" आणि पुन्हा ते पोटातून वर आले, घशापर्यंत पोचले. स्मित तयार होऊन वाटच पाहत होते. कवळीकाराने, उभ्या आयुष्यात बहुधा प्रथमच, त्याला वळू दिले नाही.

"नाही," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला, वापरात नव्हता. "तो जाणार नाही. मला ते पटत नाही, आणि मी तेव्हा हो म्हणालो ते खोटं होतं. तुझी भीती रास्त आहे. जाळी बंद राहील, दोघांना क्षणभर एकटं सोडणार नाही, हे मी बघेन. तरी तुला यावंसं वाटलं नाही तर मी रागावणार नाही. मी तिला बघायला तुझ्याकडे येईन. पण साखळीला मी त्याला बांधू देणार नाही."

मग मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्याशी भांडताय."

"हो. असं दिसतंय खरं."

"बरं वाटतंय ऐकायला," ती म्हणाली. "येते मी. पण आधी स्वतः बघेन. नाही पटलं तर दुसऱ्या दिवशी परत."

ती आली तेव्हा दुपार होती, आणि बैठकीच्या खोलीत खिडकीएवढा उन्हाचा चौकोन पडला होता. नात त्या चौकोनात ठेवली गेली आणि लगेच त्याच्या बाहेर निघाली. रांगत, थपथप तळवे आपटत, थेट जाळीकडे. कारण जाळीपलीकडे, दंतशाळेत, सतरंजीवर काहीतरी केसाळ आणि तपकिरी पडले होते. मुलगी तिच्या मागोमाग, हात पसरून, वाकून चालत होती. कवळीकार सोफ्याच्या उजव्या टोकाला बसला होता. त्याने कितीही कागद आपटले असले तरी खरी कवळी खऱ्या तोंडात बसते तेव्हाच कळते. नातीने जाळीतून चार बोटे आत घातली. वकिलाने मान वळवली. एक, कवळीकाराने मनात मोजले. वकिलाने ओठ चाटले. दोन. बोटे आणखी आत गेली, आणि मग तो आवाज आला, खोल, एका सुरातला, पूर्वीसारखा, गंज निघालेला. मुलीने झटक्यात लेकीला उचलले. वकील उठला, मागचा पाय जरा ओढत, आणि चालत दंतशाळेच्या दूरच्या कोपऱ्यात जाऊन, भिंतीला पाठ लावून बसला. एवढेच त्याचे म्हणणे होते.

मुलगी लेकीला कडेवर घेऊन जाळीपाशी उभी राहिली. बायकोने पेला पुसणे थांबवले होते.

"ऐकलंस?" मुलगी अखेर लेकीच्या कानात म्हणाली. "त्याला नकोय. सांगितलं त्याने. आपण इकडे खेळू." मग वडिलांकडे वळून, "सांगून मग उठून गेला. आमच्या ऑफिसात असा एक माणूस दाखवा."

बॅगा उघडल्या गेल्या. खेळणी उन्हाच्या चौकोनात पसरली. कवळीकार हळूच जमिनीवर उतरला आणि इतके दिवस पडद्यावर पाहिलेल्या त्या गुबगुबीत गालाकडे, चिमटा घ्यायला, त्याचा हात आपोआप निघाला. अंगठ्याखाली तीन फिकट खुणा असलेला उजवा हात. नातीने मान वळवली.

हात हवेत थांबला. मग तो सावकाश मागे आला आणि मांडीवर, तळवा वर करून, पडून राहिला.

"बरं," तो म्हणाला.

मुलगी कपड्यांच्या घड्या करता करता बघत होती. "माझ्या वेळी थांबत नव्हतात तुम्ही."

"तू चावायचीस."

"मी आधी गुरगुरायचे, बाबा."

तो यावर विचार करू लागला, कारण मुद्दा बिनतोड होता आणि पुरावा तिच्या बाजूचा होता. तेवढ्यात उन्हाच्या चौकोनातून थपथप आवाज आला. नात त्याच्या गुडघ्यापर्यंत आली, थांबली, त्याच्या चेहऱ्याकडे तिने नीट पाहून घेतले, आणि मग त्या उघड्या तळव्यावर तिने आपल्या हातातले लाकडी चाक ठेवले. कवळीकार हलला नाही. जाळीपलीकडून, कोपऱ्यातून, वकिलाने एक जांभई दिली. आणि ही मात्र झोपेची होती, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.